शेवटची चार घरं

डिसेंबर १९५३ मधला पहिला रविवार. ठिकाण बुऱ्हाणपूर, लालबाग, मिलच्या मागचा एक बंगला. रक्कम साडेतीन रुपये. हजर माणसं तीन — मी, माझा मेहुणा वसंता आणि लिलावाची बोली पुकारणारा दलाल. सुरुवात इतकी नेमकी लिहितो आहे, कारण पुढे जे सांगायचं आहे ते मला अजूनही नेमकं सांगता येत नाही. निदान पाया तरी पक्का असावा.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी मिलच्या कापडगोदामात कारकून आहे आणि तिथे जे मोजता येतं तेवढंच असतं. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचतो, पण वाचून झाले की बायकोला त्यातल्या चुका काढून दाखवतो... अवसेच्या रात्री चांदणं कसं पडलं, बंद दाराआडचं लेखकाला दिसलं कसं, वगैरे. माझ्याही लिहिण्यात कुणी अशा चुका काढल्या तर माझी हरकत नाही. मी स्वतः चार वर्षं काढतो आहे. अजून सापडलेली नाही.

तर तो लिलाव. विणकाम खात्यातला एक साहेब विलायतेला परत चालला होता आणि त्याचं सामान विकायला काढलं होतं. मला हवं होतं गजराचं घड्याळ. पण घड्याळ आणि माउथ ऑर्गन अशी दोन्हींची मिळून एकच बोली होती, आणि दलाल ती फोडायला तयार नव्हता. घड्याळ तीन रुपयांचं. म्हणजे तो तोंडाने वाजवायचा बाजा मला आठ आण्यांना पडला.

"दाजी, आठ आणे गेलेच आहेत, तर आता वाजवा," टांग्यात वसंता म्हणाला. तो थट्टा करत होता. मला मात्र ते पटलं. घेतलेली वस्तू पडून राहिलेली मला बघवत नाही.

त्या वेळी स्टेशनच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये लग्नाचा एक बँड तालीम करायचा. त्यात क्लॅरिनेट वाजवणारा सायमन नावाचा एक ख्रिस्ती माणूस होता. माळव्यातल्या एका लहानशा संस्थानच्या बँडमध्ये तो चौदा वर्षं होता. संस्थान विलीन झालं, राजेसाहेबांच्या पार्ट्या संपल्या, बँड मोडला आणि तो फिरत फिरत आमच्या गावी आला. बोलायला तोंडाळ, जेवायला भारी, आणि वेळेच्या नावाने शून्य. पण माउथ ऑर्गन हातात घेऊन त्याने पहिल्या दिवशी जे वाजवलं, ते ऐकून मी माझी सायकल स्टँडवर लावायची विसरलो. ती पडली तेव्हा लक्षात आलं.

ती धून इथली नव्हती. दुःखाची म्हणावी तर पाय हलत होते, नाचाची म्हणावी तर कुणाला गाडीत बसवून परतल्यासारखं वाटत होतं. विचारलं तर म्हणाला, अमेरिकेतल्या काळ्या लोकांची चीज आहे, ब्लूज म्हणतात, त्यात जाझवाल्यांनी आपला मसाला टाकला. धुनीचं नाव मात्र तो दर खेपेला वेगळं सांगायचा. मी नाद सोडला. शिकवाल का, एवढंच विचारलं.

"बाबूजी, ये फूंकने का बाजा नहीं है, खींचने का है," हा पहिला धडा. "साँस अंदर लो. जैसे बच्चा रोने से पहले लेता है."

दुसरा धडा घरांचा. या धुनीत बारा घरं असतात, असं तो सांगायचा. प्रत्येक घरात चार मात्रा. पहिली चार घरं आपल्या गल्लीतली. मग दोन घरं शेजारच्या गल्लीत जायचं, दोन घरं परत आपल्या गल्लीत यायचं. ही झाली आठ. उरलेल्या चारांत एकदा लांब जायचं आणि मग हळूहळू घरी यायचं. ते कसं, ते तो नंतर सांगणार होता.

बारा म्हटल्यावर मला हायसं वाटलं. बारा हा तर माझा रोजचा आकडा. आमच्या गोदामात धोतरजोड्या डझनाने मोजतात, आणि मोजायची रीत सगळ्यांची एकच — अंगठा बोटांच्या पेरांवर चालवायचा. करंगळीच्या खालच्या पेरापासून वर, तीन पेरं झाली की पुढचं बोट. चार बोटं संपली की डझन. झोपेतही चुकत नाही. मी ठरवलं, एका पेराला एक घर. डाव्या हाताने बाजा धरायचा, उजवा हात कोटाच्या खिशात, आणि खिशात अंगठा चालू. खिशात अशासाठी, की सायमनने आधीच सांगून ठेवलं होतं — गिनती मत करो, पैर से चलो. चाळिशी उलटलेल्या कारकुनाला बोटं मोजताना त्याने पाहिलं असतं, तर सगळ्या बँडला सांगितलं असतं. म्हणून ते मी त्याला कधी कळू दिलं नाही. घरीही कुणाला नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण माझं सगळं कोडं तिच्यावरच अडून बसलेलं आहे.

आणि धून काही जमेना. सूर जमले, श्वास ओढणंही जमलं, पण दर वेळी मी शेजारच्या गल्लीत एक घर आधीच जायचो.

"हर बार!" सायमन कपाळावर हात मारायचा. "एक घर पहले निकल जाते हो. पीछे चोर लगा है क्या?"

मला कारण कळत नव्हतं. मोजणी तर बरोबर होती, शेवटी बारा भरत होते.

राजपुऱ्यातल्या आमच्या घरी मागच्या ओट्यावर मी संध्याकाळी सराव करायचो. ही आत स्वयंपाक करता करता ऐकायची. हिचं नाव सुशीला, पण सवयीप्रमाणे इथे ही असंच लिहितो. हिला गाण्यातलं काही कळत नाही आणि तसा हिचा दावाही नाही. पण मी अडखळलो की आतून आवाज यायचा, "अहो, एवढे मोठे तुम्ही, अन् रोज त्याच पायरीवर ठेच?" माझी मोठी बहीण माई आमच्याकडेच असते. ती एवढंही बोलायची नाही. नुसती उठून देवळात निघून जायची.

जानेवारीत लग्नाचा मोसम सुरू झाला आणि सायमनचा बँड गावोगाव जाऊ लागला. माझी आठ घरं झाली होती, तीही अडखळत. शेवटची चार राहिली. जाताना तो म्हणाला, लौटके आऊंगा तो दूंगा, भागे नहीं जा रहे. ही चार घरं तोवर मी त्याच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती का? ऐकली होती, पहिल्या दिवशी, एकदा. त्यातलं मला काहीही आठवत नव्हतं. हिने तर त्याला कधी पाहिलंही नव्हतं आणि ऐकलंही नव्हतं. तो राजपुऱ्यात कधी आलाच नव्हता, आणि ही लालबागेकडे वर्षातून दोनदा जायची, तेही गाडी धरायला.

संक्रांतीनंतर हिला ताप आला. पहिले काही दिवस आम्ही थंडीवारा समजलो. मग डॉक्टर म्हणाले, टायफॉइड. नवीन कॅप्सूल निघाल्या होत्या, त्या खांडव्याहून आणवल्या. ताप थोडा हलला, पण ही हलेना. आधी बरळायची. मग बरळणंही थांबलं. डोळे अर्धे मिटलेले, चमच्याने घातलेलं पाणी ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर. आमचं एकच अपत्य, मुलगी, ती अंमळनेरला सासरी, दिवस भरत आलेले. तिला काय कळवायचं आणि कोणत्या शब्दांत, हे मी रोज मनात जुळवत होतो आणि रोज उद्यावर टाकत होतो.

डॉक्टर सरळ माणूस. त्यांनी मला ओसरीवर नेलं आणि सांगितलं, औषध आपलं काम करतं आहे, पण ह्या आतून परत यायला हव्यात. पाणी गिळायला हवं, हाकेला ओ द्यायला हवी. दोन दिवसांत तसं झालं नाही, तर पुढचं त्यांना सांगता येणार नाही. हाका मारा, बोला, रागवा, काहीही करा.

आम्ही सगळं केलं. माईने हरिपाठ म्हटला. वसंताने लहानपणची भांडणं उकरून काढली, कोणी कोणाचा भोवरा विहिरीत टाकला ते. मी मुलीचं नाव घेऊन पाहिलं. हिच्या पापणीला काही पोचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा तसाच गार होत होता, तेव्हा वसंता म्हणाला, "दाजी, अक्काला कशाचा न चुकता राग यायचा? तुमच्या बाज्याचा."

माई भडकली. "काय रे, बाई अशी निपचित पडलीय आन तुम्हांला बाजे सुचतात? शेजारचे काय म्हनतील?"

"म्हणू द्या, माई. रागावली तर बरंच आहे ना," वसंता म्हणाला.

मी बाजा घेतला. खाटेजवळ स्टूल ओढून बसलो. खिडकीतून ऊन हिच्या गोधडीवर पडलं होतं. हिचा उजवा हात वर होता, तळवा उघडा. मी वाजवायला लागलो. माझा अंगठा सवयीने खिशात पेरांवर चालू झाला. एक, दोन, तीन, आणि पुढचं बोट लागताच शेजारची गल्ली. एक घर आधी. तीच ठेच.

हिची भुवई हलली.

वसंताने माझा खांदा दाबला. मी पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. पुन्हा तिथेच पडलो. तेव्हा हिचा अंगठा हलला. आधी वाटलं, तापातली थरथर असेल. पण अंगठा वळून करंगळीच्या खालच्या पेरावर टेकला. थांबला. जसा मी चार मात्रा वाजवल्या, तसा तो उचलून शेजारच्या बोटाच्या खालच्या पेरावर गेला. मग मधल्या बोटाच्या खालच्या. मग पहिल्या बोटाच्या खालच्या. आडवा. चार बोटांची चार खालची पेरं आधी, आणि तेव्हाच तो मधल्या रांगेला चढला.

मी गोदामात आयुष्य काढलं, पण पेरं आडवीही मोजता येतात हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. उभी मोजली तर तीन-तीन-तीन-तीन. आडवी मोजली तर चार-चार-चार. बारा दोन्हीकडे बाराच. पण मी दर तिसऱ्या घराला बोट बदलत होतो आणि बोटाबरोबर गल्लीही बदलत होतो. गल्ली बदलायची होती चौथं घर पुरं झाल्यावर. माझी दोन महिन्यांची चूक हिच्या हातावर समोर पडली होती.

मी खिशातला हात बाहेर काढला आणि हिच्या अंगठ्याकडे बघत वाजवू लागलो. खालची रांग, आपली गल्ली. मधली रांग — दोन पेरं शेजारी, दोन पेरं परत. पहिल्यांदाच ठेच लागली नाही. आठवं घर संपलं, आणि इथे माझं ज्ञान संपत होतं. मी थांबणार होतो.

हिचा अंगठा थांबला नाही. तो वरच्या रांगेत गेला.

इथून पुढचं मी माईला आणि वसंताला वेगवेगळं बसवून विचारलेलं आहे, आणि दोघांनी एकच सांगितलं. माझा बाजा थांबला नाही. माझी जीभ आणि श्वास कोणत्या छिद्रावर जात होते ते मला माहीत नव्हतं. मी फक्त अंगठा बघत होतो. करंगळीच्या टोकाशी सूर एकदम वर, लांब गेला. पुढच्या टोकाला अर्धा उतरला. शेवटच्या दोन टोकांवर तो घरी आला, आणि आला तो असा, की पुढे काही उरलंच नाही. अंगठा पहिल्या बोटाच्या टोकावर टेकून राहिला.

हिने डोळे उघडले. छताकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"आता बरोबर," ही म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पाणी."

ते पाणी ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं नाही. माई पदराने तोंड झाकून आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. वसंता उगाचच घड्याळाला किल्ली देत बसला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नाडी पाहिली, थर्मामीटर पाहिलं आणि म्हणाले, आता भिऊ नका. मुलीला जुळवून ठेवलेलं पत्र मला लिहावं लागलं नाही. त्याऐवजी एक कार्ड टाकलं, आई बरी आहे.

इथे थांबलो असतो, तर हा अनुभव लिहायला बसलोच नसतो. ऐकून ऐकून हिच्या डोक्यात धून बसली असेल, मोजणी कशी हवी ते हिला नकळत उमगलं असेल, माझ्या कानातही पहिल्या दिवशीची चार घरं कुठेतरी पडून असतील... असं मी स्वतःला समजावलं होतं, आणि ते जवळजवळ पुरेसं होतं.

पंधरा दिवसांनी ही उशीला टेकून पेज पीत होती. सहज विचारल्यासारखं म्हणाली, "ते बँडवाले पुन्हा आले नाहीत का हो?"

कोण बँडवाले, मी विचारलं.

"इथे पायथ्याशी बसायचे ते. मला वाटलं तुम्हीच आणलंत. निळा कोट, पितळेची बटणं, खांद्यावर पिवळी दोरी. डाव्या भुवईवर वण." हिने एक घोट घेतला. "बरेच दिवस बसले होते. मला सारखं म्हणायचे, बाई, तुमचे मालक खिशात बोटं मोजतात, अन् उभी मोजतात. तुम्ही आडवी मोजून दाखवा. बारा झाली की घर येईल."

पेजेची वाटी मी काढून घेतली. वाटीत अजून अर्धी पेज होती.

सायमनच्या डाव्या भुवईवर वण होता. तो मी हिला कधी सांगितला नव्हता. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. निळा कोट मात्र मी त्याच्या अंगात कधी पाहिला नव्हता. लग्नाच्या बँडचे कोट लाल होते. आणि खिशातली बोटं...

या सदराच्या वाचकांच्या मनात जे आलं असेल, तेच माझ्या मनात आलं. माणूस असा दुसऱ्याच्या खाटेशी कधी येऊन बसतो, ते मी इथेच अनेकदा वाचलं होतं आणि हसलो होतो. शेडमध्ये चौकशी केली. कळलं की बँड तीन आठवड्यांपासून चांदनीला आहे, एका केळीवाल्याच्या घरी लागोपाठ दोन लग्नं आहेत. सायमनचं काय, असं विचारायचा धीर झाला नाही. पुढच्या रविवारच्या पॅसेंजरने चांदनीला गेलो. तेवढ्या प्रवासात मी त्याच्या नातेवाइकांना काय सांगायचं ते ठरवत होतो, आणि त्याला नातेवाईक आहेत की नाहीत हेच मला माहीत नव्हतं.

स्टेशनातून बाहेर पडलो, तर लिंबाखाली बाज टाकून सायमन बसला होता. समोर केळ्यांच्या सालींचा ढीग. मला बघून त्याने हातातलं केळं हलवलं.

मी त्याच्या खांद्याला हात लावून पाहिला. हे लिहायला संकोच वाटतो, पण लावला. खांदा गरम होता, घामट होता, आणि मला इतकं बरं वाटलं की मी तसाच बाजेवर बसलो.

"क्या हुआ बाबूजी? मर गया समझे थे क्या?"

मी हो म्हणालो. त्याला हसू आवरेना. त्याने ढोलवाल्याला हाक मारून सांगितलं, देखो, बुरहानपूर से बाबूजी मेरी मिट्टी में आए हैं, म्हणजे मला पुरायला. सगळा बँड जमला. मग मी त्याला सगळं सांगितलं. त्याचं हसणं कोटापाशी थांबलं.

निळा कोट, पितळेची बटणं, पिवळी दोरी हा संस्थानच्या बँडचा पोशाख होता. विलीनीकरणानंतर सगळ्यांचे कोट आणि वाद्यं परत घेतली. "पाँच साल से ऊपर हो गए," तो म्हणाला. "मेरे पास तो उसका एक बटन भी नहीं." फोटो? कधी काढला नव्हता. इथे कुणाला दाखवला, सांगितला? कुणाला सांगणार, म्हणाला, इथले लोक पैसे देताना कोट नाही बघत.

मग मी विचारलं, त्या दिवशी दुपारी तू कुठे होतास? तारीख आणि वार सांगितला. तो आठवायला लागला, पण त्याच्याआधी ढोलवालाच बोलला. त्या दुपारी इथे वरात होती. सायमन मास्टरला अशा गर्दीत आपली ती अंग्रेजी चीज घुसवायची खोड आहे, लोकांना काय, नाचायला मिळाल्याशी मतलब. तशी त्याने ती घुसवली. आणि मध्येच गप्प झाला.

"सुनो तो! मास्टर भूल गए," ढोलवाला सगळ्यांकडे बघत म्हणाला. "आधी गाडी चली, फिर इंजन बंद. मैंने अकेले ढोल पे निकाला."

"कितना भूले?" मी विचारलं.

सायमनने हातातलं केळं बाजेवर ठेवलं. "चार घर," तो म्हणाला. "आखिर के. बरसों से बजाता हूँ, बाबूजी. कुछ नहीं था सामने. जैसे किसी ने उठा लिया." दुसऱ्या दिवशी ती आपोआप परत आली होती. त्यामुळे त्याने ते मनावर घेतलं नव्हतं.

मी बाजा बरोबर नेला होता. लिंबाखाली बसून बारा घरं वाजवली. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटची चार झाल्यावर म्हणाला, यातलं काहीही मी तुम्हाला दिलेलं नाही, पण हे माझंच आहे. माझ्याच चुकीसकट. अकराव्या घरात एक सूर मी दाबायचा तेवढा दाबत नाही, आळस आहे, तुम्हीही दाबला नाहीत.

परतीच्या गाडीत मला शांत झोप लागली. स्टेशन आलं, तेव्हा शेजारच्या माणसाने उठवलं.

फाल्गुनात ही हिंडूफिरू लागल्यावर सायमनला घरी जेवायला बोलावलं. माईनेच मांडे केले. तो दारातून आत आला आणि ही स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. मग मला हळूच म्हणाली, "हेच. पण तेव्हा केस काळे होते."

सायमन जेवला, म्हणजे आमच्या अंदाजाच्या दुप्पट जेवला. माईला ते फार आवडलं. बाज्याबद्दल ती त्यानंतर कधी बोलली नाही, देवळातही आपल्या वेळेलाच जाते. जेवण झाल्यावर हिने नारळ आणि सव्वा रुपया पाटावर ठेवून त्याच्यापुढे केला. शिकवणी झाली, दक्षिणा द्यायला हवी, असं हिचं म्हणणं. मी त्याला ते हिंदीतून सांगितलं.

त्याने हात मागे घेतला. "मैंने बाबूजी को आठ घर सिखाए. बाकी मैंने नहीं सिखाए, बाई. मैं तो उस दिन चांदनी में था."

"मग ज्यांनी शिकवली त्यांना द्या," ही म्हणाली. "तुमच्या ओळखीचेच दिसले मला."

सायमन हसला नाही. त्याने नारळ काखेत घेतला, रुपया उचलून खिशात टाकला, आणि चवन्नी पाटावर तशीच राहू दिली. "रुपया मेरा. ये उस कोटवाले की. फिर आए तो उसको देना."

वीस आण्यांतले आठ घरांचे तेरा आणे चार पै होतात, रुपया होत नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. हिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी सुपारी कातरायला घेतली.

त्याच वर्षी सायमन गोव्याकडे कुठेतरी निघून गेला. वर्षातून एक कार्ड येतं, म्हणजे आहे. आमच्या प्रांताची राजधानी नागपूरची भोपाळला गेली, आण्यांचे नवे पैसे झाले. ही ठणठणीत आहे, नातू चार वर्षांचा आहे. मी अजून संध्याकाळी ओट्यावर बसून बारा घरं वाजवतो. आडवी मोजून. जे घडलं त्याचा उलगडा मला झालेला नाही, आणि कुणाला झाला तर मला जरूर कळवावं. एकूण दिलं ते असं — सायमनला नारळ आणि एक रुपया, रोख. चवन्नी देव्हाऱ्यात आहे. ही दर शनिवारी ती उचलून खालची धूळ पुसते आणि परत ठेवते. न्यायला अजून कुणी आलेलं नाही.